आप्पांच्या रिकाम्या फायली

आप्पा गेल्यानंतर जवळजवळ दोन महिन्यांनी दिशाने पहिल्यांदा त्यांच्या खुर्चीकडे टक लावून बघितलं, असं आम्ही सगळे धरून चाललो होतो.

जुलैअखेरची दुपार होती. दिशा शाळेतून येऊन, दूध पिऊन पडवीच्या पायरीवर बसली होती आणि माडाच्या पातीचं भिरभिरं फुंकत होती. पाच वर्षांची पोर, गाल फुगवून फुंकायची. मी आत विळीवर भोपळा चिरत होते. भिरभिऱ्याची फडफड थांबली आणि मी मान वर केली. पोरांचा आवाज चालू असेपर्यंत माझं लक्ष कामात असतं, आवाज थांबला की हातातलं काम सुटतं.

ती भिरभिरं तसंच हातात धरून बसली होती. डोळे उघडे. पापण्यांची बारीक थरथर. समोर आप्पांची वेताची खुर्ची, रिकामी.

"दिशा."

काही नाही.

"दिशू, अगं!"

मी विळी आडवी करून उठेपर्यंत तिने पुन्हा फुंकर मारली, जशी मध्ये वेळ गेलीच नव्हती.

"कोणाकडे बघत होतीस गं?"

"कुठे काय?" ती म्हणाली, आणि भिरभिरं माझ्या नाकासमोर धरलं.

सासूबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी पदर डोळ्यांना लावला. "आले गो," त्या म्हणाल्या. "चार वाजले ना. त्यांची चहाची वेळ."

आप्पा म्हणजे माझे सासरे, सखाराम. एकतीस वर्षं पोफळीला पॉवरहाऊसवर ऑपरेटर होते. निवृत्त झाल्यावर रत्नागिरीत नाचण्याच्या रस्त्याला हे जांभ्याचं घर बांधलं. नवरा, दीपेश, मुंबईला असतो, महिन्यातून दोन शनिवार-रविवार येतो. घरात मी, सासूबाई, दिशा. मी बी.एस्सी. आहे, घरी दहावीच्या सायन्सच्या शिकवण्या घेते. आप्पा होते तेव्हा शिकवणी चार ते सहा असायची, कारण त्या वेळात दिशाला आप्पा सांभाळायचे. पडवीत ते दोघं, आतल्या खोलीत मी आणि पोरं, मध्ये बंद दार. जूनच्या चार तारखेला आप्पा त्याच खुर्चीत गेले. चहा गार झाला म्हणून सासूबाई कप न्यायला गेल्या तेव्हा कळलं. मग मी शिकवणी सकाळी सातला घेतली आणि दुपारी चारला पडवीत मी असू लागले.

म्हणजे चार वाजता दिशा काय करते हे मी जूननंतरच बघायला लागले होते. ही साधी गोष्ट माझ्या लक्षात यायला नोव्हेंबर उजाडला.

ऑगस्ट-सप्टेंबरात ती रोज थांबायची. कधी एकदा, कधी दोनदा. बहुतेक वेळा पडवीत, त्या खुर्चीसमोर, भिरभिरं हातात. भिरभिरी आप्पा करून द्यायचे, जुलैअखेरपासून सासूबाई करायला लागल्या होत्या. नवरात्रात त्या संगमेश्वराकडे आपल्या गावी गेल्या आणि देवीला कौल लावला. देवीच्या अंगावर दोन्ही बाजूंना कळ्या चिकटवल्या, गुरवाने गाऱ्हाणं घातलं: आमचा माणूस घरात असेल तर उजवी दे. उजवी कळी पडली.

त्या दिवसापासून चार वाजता खुर्चीशेजारच्या स्टुलावर कप यायला लागला. बशीसकट.

मी हसले नाही. हसावंसं वाटायला हवं होतं, पण चार वाजले की मीसुद्धा त्या कपाकडे बघायचे. चहावर साय धरली की जरा बरं वाटायचं, कोणी प्यायलेलं नाही म्हणून.

"आजोबा तिला काय करतायत गो?" सासूबाई मला धीर द्यायच्या. "नातीला बघून जातात. तू नको भिऊ."

मग एक दिवस त्या स्वतःच म्हणाल्या, "पण रोज रोज बोलवायला नको होतं त्यांनी." त्या रात्री मी दिशाला भिंतीकडे झोपवलं आणि आम्ही दोघी तिच्या एकाच बाजूला झोपलो.

नोव्हेंबरात दीपेश आला तेव्हा आम्ही आरे-वारेला गेलो. दिशा गुडघाभर पाण्यात होती, मी चार पावलांवर. ती लाटेकडे तोंड करून फू फू करत होती, लाट विझवायची म्हणून. आणि थांबली. तोच चेहरा. लाट आली. हाका मारल्या. तिने पाय उचलला नाही, हात पुढे केला नाही, डोळेसुद्धा मिटले नाहीत. पाणी तिच्या तोंडावरून गेलं. मी धावले आणि केस धरून उचललं तिला, दुसरं काही हाताला लागलंच नाही.

"खेळत होती गं," दीपेश म्हणाला. "तू पण ना."

"तिने डोळे मिटले नाहीत, दीपेश."

"बरं."

"पाणी आलं तर माणूस डोळे मिटतो."

तो गाडीकडे चालू लागला. मागच्या सीटवर सासूबाई दिशाला पदरात गुंडाळून बसल्या होत्या आणि पुटपुटत होत्या, "इथे पण आले काय तुम्ही? इथे कशाला?" समुद्रावर कुठे होती खुर्ची?

दुसऱ्या दिवशी मुलांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "घरात मृत्यू झाल्यावर मुलं अशी हरवतात," ते म्हणाले. "पण हे दुसरंही काही असू शकतं. मला एक सांगा, आजोबा असताना हे होत होतं का?"

"नाही," सासूबाई म्हणाल्या.

"माहीत नाही," मी म्हणाले.

"ते कळलं तर फार बरं होईल. ते गेल्यानंतर सुरू झालं असेल तर आपण थोडं थांबून बघू. आधीपासून असेल तर थांबायचं नाही. किती वेळ राहतं, दिवसात किती वेळा होतं, होण्याआधी ती काय करत होती, ते लिहा. व्हिडिओ मिळाला तर उत्तम."

व्हिडिओ मी काढला. त्यात एक मुलगी खुर्चीकडे बघते आहे, बस्स. सासूबाईंनी तो तीनदा बघितला आणि तिसऱ्यांदा त्यांना खुर्ची हललेली दिसली. चौथ्यांदा मलाही दिसली. मी तो पुसून टाकला.

राहिला आधीचा काळ. आप्पांनी दिशाचे व्हिडिओ कधी काढले होते का, ते बघायचं ठरवलं. माजघरात कोपऱ्यात आप्पांचा डबा होता. डबा म्हणजे कॉम्प्युटर. दीपेशचा चुलतभाऊ अनिल कॉम्प्युटर दुरुस्तीचं काम करतो, त्याने जुने भाग जोडून आप्पांना तयार करून दिला होता. त्यात विंडोज नाही, अनिलचं लाडकं लिनक्स. तेराव्यानंतर दीपेश त्याचा पडदा मुंबईला घेऊन गेला. डबा तेवढा चालू राहिला, कारण घरातले फोटो त्यात साठायचे आणि वायफायवरून माझ्या लॅपटॉपवर दिसायचे. त्याला ना पडदा, ना समोर कोणी. हिरवा दिवा आणि पंख्याची घरघर. दुपारी घर निवांत झालं की ती ऐकू यायची.

व्हिडिओ नव्हते. गणपतीचे, बारशाचे, आंब्याच्या पेटीचे फोटो. आणि एक फोल्डर, नाव 'आप्पा'. आत एकशे तेरा फायली.

_7KQ2M~4
_0XD9R~A
_C3VT1~P

अशीच सगळी. सुरुवातीला आडवी रेघ, मग काहीतरी अक्षरं, मग एक लाटेसारखी खूण. एकाही नावाला अर्थ नाही. आकार शून्य. पहिली उघडली, कोरं पान. दहावी उघडली, कोरं पान. मग शेजारच्या रकान्याकडे लक्ष गेलं, फाइल केव्हा केली त्याच्याकडे. पहिली, २३ जानेवारी, दुपारी चार वाजून तेरा. मग चार सहा. चार वीस. चार बारा. शेवटची २ जून, चार चोवीस.

मी खुर्ची मागे सरकवली. आप्पा गेले चार जूनला.

दीपेशला फोन लावला. "अगं, व्हायरस असेल," तो म्हणाला. "रिकाम्या फायली व्हायरसच करतो. उडव सगळ्या."

"रोज चार वाजता?"

"व्हायरसला पण चहाची वेळ असेल." तो हसला. मग म्हणाला, "वेदू, तू झोपत नाहीस ना नीट? उडव त्या. मला भीती वाटते तू अशी बोलायला लागलीस की."

त्याचं बरोबर होतं. सासूबाईंना दाखवलं तर एकशे तेरा कप ठेवायच्या. मी सगळ्या फायली निवडल्या, सगळ्या निळ्या झाल्या. बोट डिलीटवर ठेवलं आणि पडवीतली फडफड थांबली.

लॅपटॉपच्या कोपऱ्यात वेळ चार चौदा. मी तशीच धावले. दिशा पायरीवर, डोळे उघडे, पापण्या थरथरत्या. सासूबाई हात जोडून उभ्या. स्टुलावर चहाची वाफ.

परत येऊन मी निळ्या रांगा सोडवल्या. तेव्हा एक फाइल दिसली जी मघाशी नजरेतून निसटली होती. मधोमध, नऊ फेब्रुवारीची. तिचं नाव धड मराठीत होतं.

विहिरीला जाळी बसवली

तीही रिकामी. पण नऊ फेब्रुवारीला आप्पांनी खरंच परसातल्या विहिरीवर लोखंडी जाळी बसवून घेतली होती. सगळ्यांनी वेड्यात काढलं होतं त्यांना. कळशी बुडत नाही म्हणून सासूबाई आठवडाभर भांडत होत्या.

मी त्या ओळीकडे बघत बसले आणि मला जानेवारीतली एक दुपार आठवली. शिकवणीची पोरं दारात उभी, आणि आप्पा मला विचारतायत, याच्यात काही टिपून ठेवायचं तर कसं? मी घाईत. "इथे राइट क्लिक, नवीन फाइल, मग नाव लिहायचं."

"नाव लिहिलं की राहतं?"

"राहतं, आप्पा."

"वीज गेली तरी?"

"गेली तरी राहतं."

फाइल उघडून आत लिहायचं असतं हे मी सांगितलंच नव्हतं. पोफळीला एकतीस वर्षं त्यांनी लॉगशीट भरलं होतं: वेळ, आकडा, काय झालं. एका वेळेला एक ओळ. ओळीच्या आत आणखी काही असतं हे त्यांच्या मनात का यावं? त्यांनी नाव लिहिलं, एंटर दाबलं, नोंद झाली. एकशे तेरा वेळा. फायली रिकाम्या नव्हत्या. जे होतं ते नावात होतं, आणि नावंच दिसत नव्हती.

मग एक का दिसत होती? मराठीची अडचण नव्हती, ती मराठीतच होती. छोटी होती म्हणून? मी त्याच फोल्डरमध्ये एक फाइल केली आणि भलं लांब नाव दिलं: दिशाला उद्या शाळेत डबा काय द्यायचा ते आत्ताच ठरवून ठेवलं पाहिजे. दिसलं, अगदी व्यवस्थित. मग लांबीचाही प्रश्न नव्हता. आता आप्पा लिहितील तसं लिहून बघावं म्हणून वेळेपासून सुरुवात केली. आप्पा वाणसामानाच्या चिठ्ठीवरसुद्धा चोवीस तासांची वेळ घालायचे. मी १६ लिहिलं, दोन टिंबं दिली.

विंडोजने टिंबं घेतलीच नाहीत. एक चौकट आली, फायलीच्या नावात ही चिन्हं चालणार नाहीत, आणि खाली नऊ चिन्हांची रांग. तिच्यात ती दोन टिंबं होती.

मी अनिलला फोन लावला.

"वहिनी, मी नाटे बंदरात जेटीवर आहे, शिडीवर," तो ओरडून बोलत होता. "कॅमेरे बसवतोय. लवकर बोला, खाली एका म्हाताऱ्याने शिडी धरलीय आणि त्याला शिंक येतेय."

"अनिल भाऊजी, आप्पांच्या फायलींची नावं वेडीवाकडी दिसतायत."

"लांब असतील. आप्पा बोलायचे नाहीत, पण लिहायला बसले तर..."

"लांबीचं नाही. मी लांब देऊन बघितलं. दोन टिंबांनी होतंय, वेळेत देतात ना, त्यांनी."

"उतरतो थांबा," तो म्हणाला. मग जवळून, हळू आवाजात, "हे तुम्ही शोधलंत? वहिनी, माझ्याकडे कामाला या."

"भाऊजी, सांगा ना."

"सांगतो. आप्पांच्या डब्याला टिंबं चालतात, प्रश्नचिन्ह चालतं, त्याचं काही म्हणणं नसतं. तुमचं विंडोज सोवळं. त्याला ही नावं दाखवली तर ते हात लावणार नाही. मग मधे जो दुभाषा असतो ना, डब्यातल्या फायली तुम्हाला दाखवणारा, तो काय करतो, विंडोजसाठी प्रत्येक फायलीला एक टोपणनाव पाडतो, आठ अक्षरी. ती वेडीवाकडी दिसतायत ती टोपणनावं. खरं नाव डब्यातच असतं."

"म्हणजे अजून आहेत?"

"असणार. तुम्ही उडवल्या नाहीत ना काही?"

मघाच्या निळ्या रांगा माझ्या डोळ्यांसमोर आल्या.

"वहिनी?"

"नाही. उडवल्या नाहीत."

मग त्याने मला लॅपटॉपवर काळी खिडकी उघडायला लावली आणि तिथून आप्पांच्या डब्यात शिरायला लावलं. एकेक अक्षर सांगायचा, मी टाइप करून परत वाचून दाखवायची. दुभाष्याच्या यादीत दोन ओळी घालायच्या होत्या: टिंबं किंवा प्रश्नचिन्ह आलं तर त्याच्या जागी विंडोजला चालेल असं दुसरं चिन्ह दाखव. पहिल्यांदा माझा एक शून्य चुकला. "भाऊजी, काही बदललं नाही." "पुन्हा वाचा. हळू. मी कुठे जात नाही, म्हातारा शिंकून घरी गेला."

मी पुन्हा वाचलं, शून्य घातला, दुभाष्याला बंद करून चालू केलं, फोल्डर मिटून उघडलं.

आणि आप्पा बोलायला लागले. दुसरं कसं सांगू? वरून खालपर्यंत रांग, त्यांच्या आवाजात. वेळेतल्या टिंबांच्या जागी भागाकाराची खूण आली होती, आणि प्रश्नचिन्हं खाली डोकं वर पाय उभी होती.

१६÷११ भिरभिरं फुंकताना थांबली. हाक ऐकली नाही. नऊ मोजले. मग पुन्हा फुंकू लागली

ती पहिली. तेवीस जानेवारी. आप्पा जाण्याच्या साडेचार महिने आधी.

"आई!" मी ओरडले. सासूबाई पीठ लागलेल्या हातांनी आल्या. त्यांना चष्म्याशिवाय दिसत नाही, म्हणून मी वाचत गेले.

१६÷०५ आज नाही

१६÷१८ पुन्हा. अकरा मोजले. हात धरला तरी कळलं नाही. खुर्चीकडे बघत होती. मी खुर्चीत नव्हतो

"खुर्चीत नव्हते?" सासूबाई म्हणाल्या.

"नव्हते. तिच्याजवळ पायरीवर असतील."

"आणि ती खुर्चीकडे?"

"खुर्ची समोर आहे, आई. पायरीवर बसलं की समोर तीच येते."

त्या खाली बसल्या. मी पुढे वाचलं.

१६÷१० भिरभिरं दिलं नाही. झालं नाही

१६÷२० भिरभिरं दिलं. झालं. जोरात फुंकलं की होतं का¿

१६÷१५ चिमाचं असंच होतं

मी थांबले. "चिमा कोण?"

सासूबाई हातावरचं पीठ चोळत राहिल्या. "ह्यांची बहीण," त्या शेवटी म्हणाल्या. "मी बघितली नाय, माझ्या लग्नाआधीची गोष्ट. माझ्या सासूबाई सांगायच्या. आठ वर्षांची होती. बोलता बोलता गप व्हायची, म्हणे. डोळे लावून बसायची. लोक म्हणाले, विहिरीतल्या आसरा, पाण्यातल्या देवता, तिला बोलवतात. एक दिवस पाणी काढताना काठावर..." त्यांनी हाताने खाली दाखवलं. "हे तेव्हा पाच-सहाचे. हेच होते बरोबर."

"आणि घरच्यांनी काय केलं होतं? आधी?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "कौल घेतला होता," त्या म्हणाल्या.

त्याच्या पुढची फाइल विहिरीवरच्या जाळीची होती. तीत वेळ नव्हती. म्हणून तर दिसली होती.

मार्च. एप्रिल. ते दुपारी भिरभिरं देऊन बघत, काढून घेऊन बघत. पॉवरहाऊसमधल्या माणसासारखं, एकावेळी एकच गोष्ट बदलून. मेमध्ये एका दिवशी दोनदा, एका दिवशी तीनदा. आणि दोन जून, शेवटची:

१६÷२२ चौदा मोजले. वेदिकाला सांगितलं पाहिजे. पण ती आधीच किती घाबरते. तिला कसं सांगू¿ रात्रभर जागी रा

पुढे काही नव्हतं. मी त्या नावावर बाण नेऊन ठेवला, उजवीकडे सरकवलं, खिडकी मोठी केली. तेवढंच होतं. अनिल अजून फोनवर होता.

"भाऊजी, शेवटचं अर्ध्यात तुटलंय. तेही दुरुस्त करा."

"वाचा बरं." मी वाचलं. तो म्हणाला, "हे दुरुस्त नाही व्हायचं, वहिनी. नावाला मर्यादा असते. मराठी अक्षराला डब्यात जास्त जागा लागते, ऐंशी-नव्वद झाली की भरतं. आप्पांनी मागून पुसत पुसत आणून तेवढं बसवलं असणार."

"पुढचं कुठेच नाही?"

"नाही."

मी फोन ठेवला. डब्याची घरघर चालू होती. एवढे महिने मी कान देऊन ऐकलं होतं, पोरीचा श्वास, जिन्यावरचं पाऊल, कप वाजतो का ते. आणि माझं असं कान देणं आधीपासून बघूनच एक माणूस साडेचार महिने यातलं काही माझ्याशी बोलला नव्हता. त्याने मला झोपू दिलं होतं, आणि स्वतः मोजत बसला होता.

दुसऱ्या दिवशी सगळी नावं, तारखांसकट, कागदावर छापून घेतली. सासूबाई बरोबर आल्या. डॉक्टरांनी पहिलं पान उभ्यानेच वाचलं, मग बसले. दुसरं, तिसरं. मग टेबलावरची कागदाची चिठ्ठी दिशासमोर धरली. "हिला उडव बघू. फुंक. अजून. अजून. दमायचं नाही हं."

दिशा गाल फुगवून फुंकत राहिली. मी घड्याळाकडे बघत होते. दीड मिनिट झालं असेल. चिठ्ठी हलायची थांबली.

तिथे वेताची खुर्ची नव्हती. समोर हात धुवायचं बेसिन होतं. ती बेसिनकडे बघत होती.

डॉक्टरांनी टाळी वाजवली. काही नाही. सासूबाईंचे ओठ हलत होते. मला वाटलं देवाचं नाव घेतायत, पण त्या मोजत होत्या. बारा झाले आणि दिशाने फू केलं.

"हे मेंदूचं आहे," डॉक्टर म्हणाले. "बारीक झटके. ईईजी करू, खात्री करू आणि औषध सुरू करू. बहुतेक मुलांना औषधाने फरक पडतो. पाणी, रस्ता, गच्ची, तेवढं सांभाळा." मग कागदांवर हात ठेवला. "हे लिहिलं कोणी?"

"हिच्या आजोबांनी," सासूबाई म्हणाल्या. "पोफळीला होते."

औषध सुरू होऊन आता सात आठवडे झाले. शुक्रवारी डॉक्टरांच्या सांगण्यावरून मी दिशाला मोजून भिरभिरं फुंकायला देते, माझ्यासमोर. पहिल्या दोन शुक्रवारी थांबली. मग एकदा अर्धवट. मग नाही. मी ते आप्पांच्या फोल्डरमध्येच टिपते, त्यांच्यासारखं, नवीन फाइल करून नावात. वेळ लिहिताना माझ्याकडे विंडोज टिंबं घेत नाही, म्हणून मी भागाकाराची खूण देते. अनिल म्हणाला, तुम्ही भागाकार दिलात की डब्यात त्याची टिंबंच होतात. म्हणजे तिथे आत, जिथे कोणी बघत नाही, माझ्या आणि त्यांच्या ओळी सारख्याच दिसत असणार.

सासूबाई कप अजून ठेवतात. मी काही म्हणत नाही. काल शुक्रवार होता. दिशाने दोन मिनिटं फुंकलं, दमली, भिरभिरं टाकून मांजरामागे धावली. विहिरीवरच्या जाळीवरून धावली. मी उठले नाही, नुसती बघत राहिले.

"आज?" सासूबाईंनी विचारलं.

"नाही, आई."

"मागच्या शुक्रवारी पण नाय."

"नाही."

त्यांनी खुर्चीकडे बघितलं. बराच वेळ बघितलं, इतका की मी मनात मोजायला लागले. मग त्या स्टुलापाशी गेल्या, चहावरची साय बोटाने बाजूला केली, आणि उभ्या उभ्या तो गार चहा पिऊन टाकला.

मी आत जाऊन लिहिलं.

१६÷१२ दोन मिनिटं फुंकलं. थांबली नाही